सहावा पिंजरा

त्या साली मार्चपासून आमच्याकडं निळं आभाळ कुणी पाहिलं नाही. दक्षिणेकडच्या लोकांनी मक्यासाठी रान पेटवलं, ती आग त्यांच्या हाताबाहेर गेली आणि आमच्या पेतेनच्या जंगलात दीड महिना धूर बसून राहिला. सूर्य लाल उगवायचा आणि लालच बुडायचा. भरदुपारी कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात जाऊन बसायच्या. कपडे, अंथरूण, तोर्तिया म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, सगळ्याला धुराचा वास.

एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी चेपे पळत आला. हा फिदेंसियोचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. दारातूनच ओरडला, "दाजी, चला! आग खालच्या अंगाला वड्याजवळ आलीया. ट्रक हुबा हाय, गडीमाणूस एक बी घरात ऱ्हायचा न्हाई म्हंत्यात."

फिदेंसियो पायात बूट घालत होता. त्रेपन्न वर्षांचा, काटक, उजव्या हाताची करंगळी नसलेला माणूस. तरुणपणी तो तिग्रियोच्या कातड्यांवर जगला. आमच्या रानात अंगभर ठिपके असलेलं मांजर असतं, मध्यम कुत्र्याएवढं. त्याला आम्ही तिग्रियो म्हणतो. तेव्हा त्याच्या कातड्याचे कोट परदेशातल्या बायका घालायच्या. फिदेंसियोनं किती मारले ते त्यानं कधी मोजलं नाही. मग बंदी आली. पुढं बरीच वर्षं त्यानं झाडांचा चीक काढला. आणि पाच वर्षांमागं इरेने नावाची जनावरांची डॉक्टरीणबाई रानात अभ्यासाचं केंद्र घालायला आली. गावात येऊन तिनं विचारलं, "इथं सगळ्यांत जास्त तिग्रियो कुणी मारलेत?" सगळ्यांनी फिदेंसियोकडं बोट दाखवलं. तो घाबरला, आता तुरुंग. बाई म्हणाली, "मला हाच माणूस पाहिजे."

तेव्हापासून तो तीच जनावरं जिवंत धरायचा. जाळीचा लांब पिंजरा, मागच्या वेगळ्या खणात जिवंत कोंबडी, तिला दाणापाणी. मांजर आत शिरलं, पाटीवर पाय पडला की दार खाली. बाई सुई देऊन त्याला झोपवायची, वजन करायची, गळ्यात पट्टा बांधून सोडून द्यायची. पट्ट्यातून बारीक आवाज यायचा, तो यंत्रावर ऐकून मांजर कुठं हिंडतं ते समजायचं. गावातले आणखी सात जण केंद्रावर वाटा तोडायला, कॅमेरे बांधायला होते. एक नेम मात्र कडक होता. लावलेला पिंजरा रोज सकाळी बघायचाच. बघायला जमणार नसेल तर दार पाडून तारेनं बांधायचं आणि कोंबडी घरी आणायची.

"पिंजरं उगडं हायेत की," फिदेंसियो म्हणाला. "सा च्या सा."

"पिंजऱ्याचं काय घिऊन बसलाय? घरं जळायची पाळी आली!"

फिदेंसियोनं बायकोकडं बघितलं. ओतिलिया चुलीपाशी होती. पहाटेपासून तिनं आगीवर जाणाऱ्या गड्यांसाठी दोनशे तोर्तिया थापल्या होत्या. त्याआधीचे चार दिवस ती शातेची पानं तोडत रानात वाकलेली होती. ही पानं फुलांच्या दुकानांसाठी लांब देशी जातात, आणि ती तोडणाऱ्या बायकांची कंबर पन्नाशीआधीच जाते. तिचा डावा गुडघा कोहळ्यासारखा सुजला होता.

"तू जाशील? दारं पाडायची, तार आवळायची, कोंबड्या घिऊन यायच्या. वाट तुला ठावी हाय."

"पाच वरसं कोंबड्या मीच दितीया. ठावी नसंल तर काय?"

"सावा तळ्यापाशी हाय. तितवर जा मंजी झालं."

"जाते म्हनलं न्हवं."

बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. तो गेला. गुडघ्याबद्दल त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

ओतिलिया काठी घेऊन निघाली तेव्हा नऊ वाजले असतील. पहिले दोन पिंजरे गावालगत होते. तिसरा ओढ्यात. ओढा कोरडा पडून त्याच्या तळाची माती भेगाळली होती. दर वेळी खाली बसून दार पाडायचं, तार आवळायची, मागच्या खणातली कोंबडी काढून पायाला दोरी बांधायची, पाठीवरच्या जाळीत टाकायची आणि काठीच्या आधारानं उठायचं. उठताना तोंडातून आवाज निघायचा. चौथ्यानंतर धूर दाट झाला. पाचव्यापाशी ती पोचली तेव्हा दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी, घशात राख. वरून माकडांची एक टोळी मुकाट्यानं, एकाही हाकेशिवाय, उत्तरेकडं निघून गेली.

पाचवा बांधून ती तिथंच बसली. तळं अजून अर्धा तास. तिथनं घरी परतायला दीड तास. तिनं गुडघा दाबून पाहिला तर बोट रुतलेलं तसंच राहिलं. माकडं पळाली तिथं मांजर कशाला थांबतंय, असं तिच्या मनात आलं. ह्या धुरात कोण येणार पिंजऱ्यात? उद्या जरा उतार पडला की येऊ.

ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी तिला खाटेवरून उठता आलं नाही.

तिकडं गडी तीन दिवस आगीपुढं पट्टा साफ करत होते. कोयत्यानं झुडूप तोडायचं, दाताळ्यानं पाला मागं ओढायचा, उघडी माती राहील एवढी रुंद वाट करायची. वारा फिरला की ती सोडून मागं दुसरी. फिदेंसियोच्या तळहाताची कातडी सुटून कोयत्याच्या मुठीला चिकटली. एका दुपारी आगीतून एक कासव सावकाश चालत बाहेर आलं, पाठ जळलेली, आणि गड्यांच्या पायांमधून निघून गेलं. कुणी हसलं नाही. बुधवारी दुपारी वारा पडला आणि आग ओढ्यापलीकडं धुमसत राहिली.

संध्याकाळी तो घरी आला. ओतिलियानं पुढं पाणी ठेवलं, काळ्या घेवड्याची वाटी ठेवली. त्याला हातात तोर्तिया धरवत नव्हती म्हणून तिनं तुकडे करून दिले.

"बांधलं सगळं?"

"बांधलं."

खाऊन तो परसात आला. केंद्राच्या कोंबड्यांच्या पायाला लाल चिंधी असायची. त्यानं खुराड्यात पाहिलं.

"पाचच हायेत."

"एक सुटली हातातनं."

फिदेंसियो खुराड्यापाशी उभा राहिला. ओतिलियाच्या हातातून तीस वर्षांत कोंबडी सुटलेली त्यानं पाहिली नव्हती. पण अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. तो आत जाऊन पडला. उजाडायच्या आधी उठला, कोयता घेतला आणि तळ्याकडं निघाला. ओतिलिया जागीच होती. तिनं हाक मारली नाही.

तळ्यापाशी वास आधी आला. तळं म्हणजे आता मधोमध घोंगडीएवढा चिखल. पिंजरा ज्या झाडाच्या सावलीत ठेवला होता त्या झाडानं पानं टाकली होती. दार पडलेलं होतं.

मागच्या खणात कोंबडी चोच उघडी ठेवून मेली होती. तिच्या पाण्याची वाटी कोरडी. पुढं तिग्रियो कुशीवर पडलेला. जाळीच्या तारा एका जागी वाकल्या होत्या, तिथं रक्त सुकलेलं. सुळा मोडलेला. पुढच्या पंज्यांची नखं मुळापासून निघालेली. गळ्यात पट्टा होता. फिदेंसियोनं ओळखलं. ही चार नंबरची मादी. दोन वर्षांत तीनदा ती त्याच्या मांडीवर झोपलेली होती. बाई वजन करायची तेव्हा तो तिचं डोकं धरायचा, जीभ आत जाऊ नये म्हणून.

त्यानं दार उचललं, तिला बाहेर ओढलं. उन्हानं अंग लाकडासारखं झालं होतं. मग त्याला पोट दिसलं. आचळ ताणलेले होते. त्यानं अंगठ्यानं एक दाबला. दुधाचा पिवळट थेंब आला.

तो तिथंच मातीत बसला.

घरी आला तेव्हा पोतं खांद्यावर होतं. चेपे अंगणात कॉफी पीत होता. फिदेंसियोनं पोतं ओतिलियाच्या पुढं ठेवलं आणि तोंड सोडलं. तिनं एकदाच पाहिलं.

"माजा पाय चालंना," ती म्हणाली. "पाचव्यापतुर गेले. धूर व्हता. मला वाटलं..."

"सांगायचं व्हतंस."

"कुनाला? तुमी आगीत."

"काल सांगायचं व्हतंस!"

ती पोत्यापाशी खाली बसली. चेपे पुढं वाकून पोत्यात बघत होता.

"ह्यात भांडायचं काय?" तो म्हणाला. "निम्मं रान जळालंया. आगीत मेली म्हना. पट्टा टाका निखाऱ्यात. कातडं मी बघतो."

"कातड्याचं नाव काढू नगंस."

"दाजी, तुमी कातड्याचं नाव काढू नगा म्हंताय? तुमी?" चेपे हसला. मग त्याचा चेहरा बदलला. "ऐका. पिंजऱ्यात जनावर मेलं आसं कळलं तर वरचं साहेब सगळंच बंद करत्याल. परवाना जाईल. आठ घरं हायेत त्या कामावर, तुमचं धरून. माजं बी हाय. एका मांजरापायी?"

"एक न्हाई. तिला पिल्लू हाय."

"मग?"

"ते कुटं हाय ते मला ठावं न्हाई. बाईकडं नकाशा हाय, पट्टा रोज कुटं थांबायचा त्याचा. तिला सांगितलं तर सापडंल. आज सांगितलं तर."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर तेबी मरंल."

"मरू द्या की!" चेपे ओरडला. "माज्या पोरांनी काय खायाचं त्ये बगा आदी!"

फिदेंसियोनं ओतिलियाकडं पाहिलं. ती पोत्याचं तोंड पुन्हा बांधत होती. गाठ मारून ती म्हणाली, "वायरलेसवर जा. सावा मी बांधला न्हाई म्हनून सांगा. खोटं सांगू नगा."

तो गेला. बाई रविवारी शहराकडं गेली ती आगीमुळं तिकडंच अडकली होती. वायरलेसवर त्यानं तिला एवढंच सांगितलं, "बाई, चार नंबर गेली. पिंजऱ्यात. चूक माजी हाय. पिल्लू हाय, लवकर या."

पलीकडून खरखरीतून तिचा आवाज आला, "निघते."

इरेने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सहाला पोचली. रात्रभर गाडी चालवून आली होती, जळून पडलेली झाडं वाटेतून बाजूला करत. पोतं उघडून तिनं मादीच्या मोडक्या सुळ्यावर बोट ठेवलं आणि तसाच हात मागं घेतला.

"डोन फिदेंसियो, किती वेळ होती आत?"

"सोमवारी रातीपासनं धरा."

तिनं रागावून बोलायला पाहिजे होतं, असं तो नंतर सांगायचा. तिनं नकाशा मांडला. तळ्याच्या उत्तरेला एका टेकाडावर ठिपक्यांचा झुबका होता. "महिनाभर रोज दुपारी ती इथं यायची. ह्यांना एका वेळेला एकच पिल्लू होतं, क्वचित दोन. वाढवायला वर्ष लागतं. माद्या किती उरल्यात आपल्याकडं? सहा होत्या." ती थांबली. "पाच."

ओतिलियानं काठी घेतली.

"तू कुटं?" फिदेंसियो म्हणाला.

"वर."

"त्या पायानं?"

आज त्यानं विचारलं. ती चालायला लागली.

टेकाडावर जुन्या बांधकामाचे दगड पसरलेले, त्यांवर झाडं उगवलेली. एकेक सांद बघत तिघं तीन तास हिंडले. फिदेंसियो हातापायांवर रांगत होता. सोललेले तळहात दगडावर टेकले की तो दात आवळायचा. शेवटी एका पडलेल्या महोगनीच्या पोकळ बुंध्यापाशी तो थबकला. सालीवर दोन केस होते. इरेनेनं बॅटरी मारली. आत वळण होतं, काही दिसेना. तिचा खांदा आत जाईना, फिदेंसियोचा त्याहून जाईना.

"सरका," ओतिलिया म्हणाली.

ती अंगानं बारीक. पोटावर पडून डोकं आणि एक हात आत घालून ती सरपटली. बाहेर फक्त कंबर आणि सुजलेला गुडघा राहिला. आतून तिचा श्वास ऐकू येत होता. मग काहीच नाही.

"हाय," तिचा आवाज आला. "मुंग्या लागल्यात. पर हाय."

तिनं बाहेर काढलं ते दोन मुठींएवढं होतं. पापण्यांच्या कडांना मुंग्या. इरेनेनं त्या एकेक करून काढल्या, ओठांवर थेंब थेंब साखरपाणी सोडलं. पिल्लानं जीभ हलवली. एकदा.

"केंद्रावर सलाईन आहे," इरेने म्हणाली. "ऊब पाहिजे आणि वेळ नाही."

ओतिलियानं झग्याचं वरचं बटण सोडलं आणि पिल्लू छातीशी आत घेतलं. "चला."

केंद्र तिथून दोन तास. इरेने पुढं, फिदेंसियो मागं, मधे ओतिलिया, काठी टेकत, एक हात छातीवर. वाटेत ती एकदाही थांबली नाही. त्यानं दोनदा म्हटलं, "जरा बस." तिनं मान हलवली. ओढा ओलांडताना ती पडता पडता राहिली, तरी तिनं छातीवरचा हात काढला नाही.

केंद्राच्या टेबलावर इरेनेनं सुई तयार केली. ओतिलियानं झग्यातून पिल्लू काढून टेबलावर ठेवलं. इरेनेनं नळी कानाला लावली, छातीवर टेकवली, जरा सरकवली, पुन्हा टेकवली. मग कानातून काढली.

"केव्हा गेलं?"

"वड्याच्या पलीकडं असताना."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी थांबला असता," ओतिलिया म्हणाली. "मला थांबायचं न्हवतं."

पुढच्या आठवड्यात वरून वनखात्याचा साहेब आला. गावच्या सभेच्या छपरीत बाकं मांडली. आठही घरं आली होती, आणि ज्यांचा संबंध नव्हता तेही. साहेब तरुण होता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि खरं म्हणजे वाईट माणूस नव्हता. त्यानं वाचून दाखवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत जनावरं धरण्याचा परवाना रद्द. केंद्राचं रानातलं काम थांबवलं आहे. इरेने खाली मान घालून बसली होती. तिनं बाजू मांडली होती, ती कुणाच्या कामी आली नव्हती.

"पिंजरे बंद करायची जबाबदारी कुणाची होती?"

"माजी," फिदेंसियो उठून म्हणाला.

"म्हणजे सहावा पिंजरा तुम्ही उघडा ठेवलात."

"व्हय."

"त्यांनी न्हाई," मागून आवाज आला. ओतिलिया बाकाला धरून उभी राहिली होती. "ते आगीत व्हते. मला सांगून गेले व्हते. मी गेले न्हाई, आन् गेले म्हनून सांगितलं."

छपरीत कुजबुज झाली. चेपेनं कपाळाला हात लावला. साहेबानं कागद वर केला, यादीवरून बोट खाली नेलं, पुन्हा वर नेलं.

"बाई, तुम्ही केंद्राच्या कामावर आहात का?"

"कोंबड्या माज्या हायेत. पिंजरं मीच धुते. पाच वरसं झाली."

"ते ठीक आहे. पण यादीत तुमचं नाव नाही."

"मंग लिवा."

कुणीतरी हसलं. साहेबही ओशाळून हसला. "असं नाही लिहिता येत. कामावर नसलेल्या माणसावर मी ठपका कसा ठेवणार? बसा तुम्ही."

ती उभीच राहिली. साहेबानं फिदेंसियोचं नाव लिहिलं, कागद त्याच्याकडं फिरवला. फिदेंसियोनं चार बोटांनी लेखणी धरून सही केली. तळहाताची जखम अजून ओली होती, कागदाला डाग पडला.

बाहेर आले तेव्हा दुपार होती. रस्त्यावर लोक टोळक्यानं उभे होते, हे दोघं जवळ आले की बोलणं थांबायचं. थोडं चालून ओतिलिया म्हणाली, "तोर्तिया मी थापल्या त्या गावाच्या नावावर गेल्या. कोंबड्या बाईच्या नावावर गेल्या. आन् माजं पाप बी तुमच्याच नावावर गेलं."

फिदेंसियोनं तिचा दंड धरला. "घरी चल," तो म्हणाला. "पाय शेकू."

ती घराकडं वळली नाही. समोर वाटा तोडणाऱ्या सेवेरोचं घर होतं. तिनं जाऊन दार वाजवलं. सेवेरोची बायको दारात आली.

"पिंजरा मी उगडा ठिवला," ओतिलिया म्हणाली. "ह्यांनी न्हाई. तुमच्या मानसाचं काम माज्यापायी गेलं."

सेवेरोच्या बायकोनं तिच्याकडं बघितलं आणि दार लावून घेतलं.

ओतिलिया पुढच्या दाराशी गेली. तिथंही तेच शब्द. तिथल्या म्हातारीनं आत जाऊन पाण्याचा पेला आणून दिला. तिसऱ्या दारात शिव्या मिळाल्या, आईवरून. तिनं त्या पुऱ्या होईपर्यंत ऐकून घेतल्या. चौथ्या घरी कुणी नव्हतं. ती उंबऱ्यावर बसून राहिली, माणसं सभेवरून परत येईपर्यंत. प्रत्येक दाराशी फिदेंसियो टोपी हातात धरून तिच्या मागं रस्त्यात उभा राहायचा.

शेवटचं, सातवं दार तिच्या भावाचं. चेपे अंगणातच होता. त्याची बायको, तीन पोरं मागं उभी.

"अक्का, गप घरी जा," तो म्हणाला. "मला ठावं हाय सगळं. तमाशा नगं."

"ठावं असलं तरी ऐक," ओतिलिया म्हणाली. तिनं काठी दोन्ही हातांनी धरली, गुडघ्यावरचा भार काढला आणि पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली.